टॅबलेट, स्विच, उतरती फळी: मुलासमोर नेमकं कुठे आणि कसं लावायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पालक, वर्गशिक्षक आणि समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक सतत पाठवत असतात. बहुतेक प्रश्न सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच इजा झाल्याने हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या मुलांबद्दलचे आहेत, पण स्नायूंचे आजार, कमी दृष्टी किंवा बोलण्याची अडचण असलेल्या मुलांनाही यातलं बरंचसं लागू पडतं. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या मुलाला पाहिलेल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टचं किंवा फिजिओथेरपिस्टचं मत वेगळं असेल, तर त्यांचं ऐका.

१. माउंट म्हणजे नेमकं काय? टॅबलेटला साधा मोबाइल स्टँड लावला तर चालत नाही का?

मुलाला वापरायची वस्तू एका ठरावीक जागी, ठरावीक कोनात घट्ट धरून ठेवणारी कुठलीही गोष्ट म्हणजे माउंट. व्हीलचेअरच्या नळीला लावायचा क्लॅम्प आणि त्यावरचा लोखंडी हात (आर्म) हा माउंट, तसाच टॅबलेटखाली ठेवलेला लाकडी ठोकळाही माउंटच.

मोबाइलचा वाकवता येणारा लांब मानेचा स्टँड व्हिडिओ बघायला ठीक आहे. स्पर्श करायचा असेल तर तो बहुधा कुचकामी ठरतो. पडद्याच्या कोपऱ्यावर बोटाने टकटक करून पाहा. पडदा डुलत राहिला, तर ज्या मुलाला मुळातच नेम धरायला कष्ट पडतात त्याच्यासाठी तो स्टँड नाही. न बोलणाऱ्या मुलाने टॅबलेटवर ‘पाणी’चं चित्र दाबायला (ते दाबलं की टॅबलेट तो शब्द बोलतो) हात उचलावा आणि तोवर चित्र सरकलेलं असावं, असं चारदा झालं की मूल हात उचलणंच सोडून देतं. मग फाइलमध्ये शेरा पडतो, ‘मुलाला टॅबलेटमध्ये रस नाही’.

२. आधी कोणता माउंट घ्यायचा ते सांगा. बाकीचं नंतर बघू.

नाही, आधी खुर्ची. हे ऐकून लोक नाराज होतात, कारण खुर्ची दुरुस्त करण्यात नवीन वस्तू आणल्याचं समाधान नसतं. पण मूल घसरत असेल तर पाच हजारांचा माउंट दर दहा मिनिटांनी चुकीच्या जागी येणार. माउंट तिथेच असतो, मूल खाली गेलेलं असतं.

तपासणी खालून वर करा. पाय टेकलेत का? लोंबकळत असतील तर खाली लाकडी पाट, विटा किंवा जुन्या वह्यांचा चिकटपट्टीने बांधलेला गठ्ठा ठेवा आणि हातांकडे बघा. पाय टेकले की हात मोकळे झालेले पुष्कळदा तिथल्या तिथे दिसतात. मग कंबर. पार्श्वभाग खुर्चीच्या अगदी मागे टेकला पाहिजे. पट्टा मांड्या आणि पोट जिथे मिळतात तिथे, तिरका खाली-मागे ओढलेला हवा. पोटावरून आडवा बांधलेला पट्टा मूल घसरलं की छातीकडे चढतो, आणि ते धोक्याचं आहे. गुडघ्यामागे, बैठकीच्या कडेपासून दोन बोटं जागा सोडा. त्यानंतर पाठ आणि शेवटी मान.

कंबर, गुडघे, घोटे तिन्ही काटकोनात असावेत, असं बहुतेकांना शिकवलेलं असतं. सुरुवातीला तो नियम चांगला आहे, पण तोच धरून बसू नका. काही मुलं किंचित पुढे झुकून जास्त चांगलं काम करतात, तर शरीराचं धड (छाती-पोटाचा भाग) सांभाळता न येणाऱ्या काहींना खुर्ची थोडी मागे कललेली लागते. मुलाचा फोटो छान यावा म्हणून आपण त्याला बसवत नाही. त्या स्थितीत त्याला हात चालवता येतो का, बघता येतं का, गिळता येतं का, हे पाहायचं.

३. आमच्या शाळेत बाकच नाहीत. मुलं सतरंजीवर बसतात. आमच्या मुलीला एकटीलाच खुर्ची द्यायची का?

एकटीच उंचावर आणि बाकी वर्ग खाली, हे मुलीला आवडत नाही आणि गटात काम करतानाही अडतं. जमिनीवर बसवायचं असेल तर कोपरा-खुर्ची करून घ्या. दोन फळ्या काटकोनात जोडलेली पाठ, खाली बैठक आणि पायांमध्ये एक गोल खुंटी, जेणेकरून मांड्या एकमेकींवर येत नाहीत. गावातला सुतार एका दिवसात करून देतो. माप मात्र मुलीला समोर बसवून घ्या, अंदाजे नको. बैठक दोन-तीन इंच उचललेली असली तर बहुतेक मुलांची कंबर सरळ राहते.

समोर ठेवायला पेढीवर मुनीम वापरायचे तसलं बुटकं उतरतं डेस्क उत्तम. त्याच्या खालच्या कडेला पट्टी असते, त्यामुळे टॅबलेट किंवा पुस्तक घसरत नाही. डेस्कचे पाय मुलीच्या पायांच्या बाहेर येतील इतकी रुंदी ठेवा.

दिवसभर मात्र जमिनीवर नको. लिहायच्या तासाला खुर्ची आणि गोष्टीच्या, गाण्याच्या तासाला सतरंजी, अशी वाटणी चांगली चालते.

४. टॅबलेट किती उंचीवर, किती अंतरावर आणि किती कलता ठेवायचा?

बोटाने दाबायचा असेल तर अंतर हातावरून ठरतं. कोपर थोडं वाकलेलं असताना बोट पडद्याच्या लांबच्या कोपऱ्यापर्यंत पोचलं पाहिजे. मुलाला पुढे झुकायला लागलं तर तो जास्त लांब आहे. उंची अशी हवी की मान खाली घालावी लागू नये आणि खांदेही उचलावे लागू नयेत. ट्रे (खुर्चीच्या हातांवर आडवी बसणारी फळी) किंवा टेबल कोपराच्या उंचीला, फार तर बोटभर वर. सपाट ठेवलेल्या टॅबलेटवर मान खाली जाते, वर ट्यूबलाइटचा उजेड चमकतो आणि तळहात चुकून पडद्याला लागतो. वीस-तीस अंशांपासून सुरुवात करून कल वाढवत न्या.

पडदा नाकासमोर हवाच असं नाही. मुलाचा चालता हात उजवा असेल तर टॅबलेट थोडा उजवीकडे सरकवून पाहा. उलटही घडतं. हात शरीराच्या मध्यरेषेपलीकडे न्यायची सवय व्हावी म्हणून थेरपिस्ट तो मुद्दाम डावीकडे ठेवायला सांगतात. तो व्यायाम झाला. बोलण्यासाठी लावलेल्या टॅबलेटवर व्यायाम नको. ‘मला शू लागली’ हे सांगताना मुलाने कसरत का करावी?

डोळ्यांनी चालणाऱ्या यंत्राचे नियम वेगळे आहेत (प्रश्न ११). कमी दृष्टीसाठी प्रश्न १२ पाहा.

५. स्विच कुठे लावायचा? हाताजवळ लावला, पण मुलगा दाबतच नाही.

स्विच म्हणजे एकच मोठं बटण. ते दाबलं की पडद्यावर फिरणारी चौकट थांबते आणि निवड होते. बहुतेक स्विचना ३.५ मिलिमीटरची साधी पिन असते. हाताजवळ लावणं ही आपली सवय आहे, मुलाची नव्हे. आधी काही न लावता मुलाकडे पाहत बसा. माशी बसली की ती कशी हाकलतो? आवडतं गाणं लागलं की शरीराचा कुठला भाग आधी हलतो? गुडघा बाहेर जातो, हनुवटी खांद्याला घासते, डावा पाय खाली दाबला जातो. जी हालचाल मूल हवी तेव्हा करू शकतं आणि थांबवूही शकतं, तिच्या वाटेत स्विच लावायचा. सोडणं हे दाबण्याइतकंच महत्त्वाचं आहे. काही मुलं दाबतात झकास, पण हात उचलता येत नाही आणि चौकट पुढे पळत राहते.

आता एक बारकावा. सेरेब्रल पाल्सीच्या काही मुलांमध्ये लहान बाळाची एक प्रतिक्षिप्त क्रिया मोठेपणीही शिल्लक राहते. मान उजवीकडे वळली की उजवा हात ताठ होऊन लांब जातो आणि डावा कोपरात दुमडतो. अशा मुलाचा स्विच उजव्या हाताशी ट्रेवर आणि टॅबलेटही उजवीकडे ठेवला, तर काय होतं पाहा. पडदा बघायला मान वळते, हात ताठ होऊन स्विचच्या पलीकडे जातो आणि परत येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, मूल मुद्दाम हात लांब नेतंय. पडदा बरोबर मध्ये आणा. तेवढ्याने भागलं नाही तर स्विच हाताकडून काढून गुडघ्याशी किंवा डोक्याच्या बाजूला लावा.

डोक्यासाठी स्विच लावताना तो हेडरेस्टच्या बाजूला, गालापासून दोन-तीन सेंटिमीटर दूर हवा, म्हणजे डोकं विसावलं की आपोआप दाबला जाणार नाही. सगळं शरीर मागे ताणणाऱ्या मुलांना बरोबर डोक्यामागे स्विच देऊ नका. प्रत्येक दाबाबरोबर तो ताण वाढतो.

६. विकत मिळणारे माउंट परवडत नाहीत. घरगुती करता येतं का?

येतं, आणि पुष्कळदा ते चांगलंही होतं. कॅमेऱ्याच्या दुकानात मिळणारा सुपर क्लॅम्प आणि दोन सांध्यांचा मॅजिक आर्म घ्या. त्यांना ट्रायपॉडचाच पाव इंची स्क्रू लागतो, त्यामुळे टॅबलेट धरणारा कुठलाही ट्रायपॉड होल्डर बसतो. साधारण अर्धा किलोचा टॅबलेट आणि त्याचं जाड कव्हर पेलायला मध्यम आकाराचा आर्म लागतो, अगदी छोटा खाली झुकत जातो. आर्म जितका आखूड तितका चांगला. लांबी वाढली की डुलणं वाढतं.

टेबलावर ठेवायचं असेल तर प्लंबिंगच्या दुकानातले पाऊण इंची पीव्हीसी पाइप, एल्बो आणि टी पुरेसे होतात. आधी सोल्युशन न लावता जोडा, मुलाला आठवडाभर वापरू द्या, माप पटलं की मगच चिकटवा. खालच्या पाइपमध्ये वाळू भरून टोकं बंद केली की स्टँड हलत नाही.

घसरू नये म्हणून भांड्यांच्या कपाटात अंथरतात ती रबरी जाळी. वेल्क्रो लावताना खरखरीत बाजू टॅबलेटला आणि मऊ बाजू ट्रेला, कारण ट्रेवर मुलाचा हात दिवसभर घासतो. चिकटवण्यापूर्वी पृष्ठभाग स्पिरिटने पुसा. पत्र्याच्या छपराच्या वर्गात मे महिन्यात चिकटपट्टीचा गोंद सुटतो, तेव्हा जड वस्तू निव्वळ वेल्क्रोच्या भरवशावर उभी लटकवू नका. कोकणात पावसाळ्यापूर्वी सांध्यांना मशीन ऑइलचा थेंब द्या, नाहीतर ऑगस्टमध्ये पक्कड लागते.

७. व्हीलचेअरच्या नळीला भोक पाडून किंवा वेल्डिंग करून माउंट कायमचा बसवला तर?

नको. भोक पाडल्याने किंवा तापवल्याने नळी नेमकी तिथेच कमजोर होते. शिवाय घडीची खुर्ची मिटेनाशी होते आणि मूल वाढलं की माउंट चुकीच्या जागी अडकतो. बाहेरून आवळायचा क्लॅम्पच वापरा. नळीचा व्यास आधी मोजा. बऱ्याच खुर्च्यांची नळी २२ किंवा २५ मिलिमीटरची असते. सैल बसला तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी मध्ये गुंडाळा.

क्लॅम्प लावल्यावर चार गोष्टी तपासा. ब्रेक पूर्ण लागतो का, हात ठेवायची दांडी निघते का, खुर्ची दारातून जाते का आणि मुलाचं बोट कुठल्या सांध्यात चिमटणार नाही ना.

८. माउंटच्या वजनाने व्हीलचेअर उलटेल का?

टॅबलेटने मोठ्या माणसाची खुर्ची सहसा उलटत नाही. पण लहान मुलाची हलकी खुर्ची आणि बाजूला लांब काढलेला आर्म हे जोखमीचं आहे, विशेषतः उतरत्या रॅम्पवर. वजन शक्य तितकं खुर्चीच्या आत ठेवा. दप्तर मागच्या दांड्यांना लटकवलेलं असेल तर खरा धोका तेच आहे. मूल उतरलं की खुर्ची मागे कोसळते.

९. रिक्षात किंवा शाळेच्या व्हॅनमध्ये माउंट तसाच ठेवला तर चालेल का?

नाही. टॅबलेट आणि आर्म दोन्ही काढून पिशवीत. जोराचा ब्रेक लागला तर ते तोंडावर येतात. वाटेत मुलाला बोलता यावं म्हणून चित्रांचा एक कागदी तक्ता लॅमिनेट करून सोबत ठेवा.

१०. ट्रे लावला की मुलाला कोंडून ठेवल्यासारखं वाटतं. शिवाय त्याला फिट येते.

ट्रे कामासाठी आहे. मुलाने उठू नये म्हणून ट्रे किंवा पट्टा अडकवून ठेवणं हे बांधून ठेवणंच झालं. ते करू नका आणि कुणी केलं तर विचारा. तास संपला की ट्रे काढायचा, हा वर्गाचा नियम असू द्या.

फिट येणाऱ्या मुलाच्या बाबतीत ट्रे आणि माउंट एका हाताने, हत्याराशिवाय, काही सेकंदांत बाजूला झाला पाहिजे. स्क्रू फिरवत बसावं लागत असेल तर झटक्यात सुटणारी खिट्टी असलेला सांधा लावून घ्या. आणि वर्गातल्या सगळ्या मोठ्यांनी तो प्रत्यक्ष काढून बघितलेला हवा. फक्त मदतनीस ताईंना येतं एवढ्यावर भागत नाही, कारण ताई डबा आणायला गेलेल्या असतानाही फिट येऊ शकते.

११. डोळ्यांनी चालणारं यंत्र घरी चालतं, वर्गात अजिबात पकडत नाही. बिघडलं का?

बहुधा खिडकी. हे यंत्र डोळ्यांवर अवरक्त (आपल्याला न दिसणारा) प्रकाश टाकून नजर ओळखतं आणि ऊन्हात तोच प्रकाश भरपूर असतो. मुलाचं तोंड किंवा पाठ थेट खिडकीकडे नको, बाजूने सौम्य उजेड चालेल. पडदा चेहऱ्यापासून साधारण ६० सेंटिमीटरवर आणि चेहऱ्याला समांतर हवा. मुलाची मान डावीकडे कलते? मग यंत्रही तेवढंच डावीकडे कलवा. मुलाची मान सरळ करून यंत्रासाठी धरून ठेवू नका. तुमचा हात निघाला की सगळं गेलं.

जागा बदलल्यावर नजरेची जुळवणी पुन्हा करा. चष्म्याच्या काचेवर ट्यूबलाइट चमकत असेल तर चष्मा काढण्याआधी मुलाची बसायची जागा बदलून बघा.

१२. मुलीला कमी दिसतं. ती पुस्तकाला नाक लावते. पुस्तक वर उचलायचं की मोठा पडदा द्यायचा?

आधी वर उचला. जवळून बघण्यात डोळ्यांचं काही नुकसान नाही, पण पाठ आणि मान दिवसभर वाकलेली राहते. उतरती फळी किंवा पुस्तक धरणारा आर्म लावून अक्षर डोळ्यांपर्यंत आणा. दिवा खांद्याच्या मागून, लिहित्या हाताच्या उलट्या बाजूने असावा.

अपवाद सांगते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या बऱ्याच मुलांचे डोळे तपासणीत ठीक निघतात, पण मेंदूला दिसलेलं नीट वाचता येत नाही. त्यातल्या काहींना खालच्या भागातलं दिसत नाही. ट्रेवर ठेवलेली वस्तू त्यांच्यासाठी नसल्यासारखीच. अशा मुलाची वस्तू उभी आणि उंच लावा, मागे साधं काळं कापड टाका. मागच्या भिंतीवर तक्ते, पताका, रंगीत फुलपाखरं असतील तर त्या गर्दीत त्याला टॅबलेट सापडत नाही.

१३. मूल टॅबलेट ढकलून देतं, फेकतं. अजून घट्ट बांधू का?

घट्ट बांधण्याआधी ते कधी ढकलतं ते लिहून ठेवा. पडदा समोरच्या माणसाचा चेहरा झाकत असेल तर मूल त्या माणसासाठी तो ढकलतं. आर्म खाली आणा, टॅबलेटच्या वरून डोळ्याला डोळा भिडला पाहिजे. तास संपल्यावरही टॅबलेट समोरच असेल तर ढकलणं म्हणजे ‘बास झालं’. हे त्याने सांगितलंच आहे, आता तेच टॅबलेटवर सांगायचं चित्र द्या. ही दोन्ही कारणं नसतील तर मग मजबूत सांधा.

१४. वर्गशिक्षक म्हणतात, माउंटमुळे मागच्या मुलांना फळा दिसत नाही.

रांगेच्या टोकाला बसवा, पण शेवटच्या बाकावर नको. भिंतीच्या बाजूची दुसरी-तिसरी रांग बहुतेक वर्गांत सोयीची असते. वायर भिंतीकडून जाते, कुणी अडखळत नाही.

१५. थेरपीच्या केंद्रात मूल मस्त वापरतं. शाळेत तेच यंत्र, तेच मूल, आणि काहीच नाही. का?

कारण शाळेत ते दररोज वेगळ्या जागी लागतं. सोमवारी बाई लावतात, मंगळवारी ताई, बुधवारी आई गडबडीत लावून जाते. स्विच तीन सेंटिमीटर सरकला तर आपल्याला कळतही नाही, मुलाला मात्र सगळं नव्याने शोधावं लागतं. यंत्रं कपाटात जाऊन पडतात ती बहुधा याच कारणाने. महाग यंत्रही यातून सुटत नाही.

उपाय दहा रुपयांचा आहे. सगळं नीट बसवल्यावर, मूल खुर्चीत असताना, प्रत्येक सांध्यावर नेलपॉलिशची एक रेघ ओढा, अर्धी क्लॅम्पवर, अर्धी नळीवर. दोन अर्ध्या रेघा जुळल्या की जागा बरोबर. ट्रेवर टॅबलेटच्या चार कोपऱ्यांना रंगीत चिकटपट्टी लावा. मग मुलाचे दोन फोटो घ्या, एक बाजूने आणि एक समोरून. ते छापून खुर्चीच्या मागे अडकवा. मोबाइलमध्ये ठेवले तर ते एकाच माणसाकडे राहतात. नवीन शिक्षक आले तरी फोटो बघून लावू शकतात.

केंद्रात बसवून घेतलेली जागा शाळेच्या खुर्चीत जुळत नाही, हेही लक्षात असू द्या. रेघा शाळेच्या खुर्चीवर, शाळेतच आखा.

१६. या सगळ्याचे पैसे कोण देणार?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ मध्ये लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे ४० टक्के किंवा जास्त, असलेल्या विद्यार्थ्यांना वयाच्या १८ वर्षांपर्यंत योग्य सहायक साधनं मोफत देण्याची तरतूद आहे. प्रत्यक्षात मार्ग असा: समग्र शिक्षा अभियानाची तालुक्यातली मोजमाप शिबिरं गटसाधन केंद्रामार्फत होतात आणि साधनं बहुधा कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीकडून येतात. तिथून खुर्ची मिळते, माउंट क्वचित. म्हणून अर्जात ‘टॅबलेट’ एवढंच लिहू नका, ‘टॅबलेट, तो खुर्चीला लावायचा क्लॅम्प आणि आर्म’ असं लिहा. यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत जोडा आणि पोच घ्या. ग्रामपंचायत, नगरपालिका यांच्याकडे दिव्यांगांसाठीचा ५ टक्के निधी असतो. छोट्या खर्चासाठी तिथेही विचारा.

बोलण्यासाठीचं अ‍ॅप विकतच घ्यावं लागतं असं नाही. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो मोफत आहे आणि मराठीत चालतं. वाचलेले पैसे आर्मवर घाला.

१७. दहावीच्या परीक्षेला उतरती फळी, वेगळं टेबल नेता येईल का?

लेखनिक, वाढीव वेळ या सवलतींसाठी जसा शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज करता, त्यातच प्रत्येक वस्तू नावानिशी लिहून परवानगी घ्या. केंद्रावर ऐनवेळी भांडण नको. परवानगीपत्र हातात आलं की आदल्या दिवशी केंद्रावर जाऊन खुर्चीचे हात टेबलाखाली जातात का ते पाहा. कागद सरकू नये म्हणून रबरी जाळी आणि चिमटा याच अर्जात लिहा.

१८. एकदा बसवलं की किती वर्षं बघायला नको?

वर्षं कुठली! वाढीच्या वयात दर तीन-चार महिन्यांनी रेघा तपासा. शाळा सुरू झाल्यावर, स्वेटर घातल्यावर, नवे बूट किंवा स्प्लिंट (हात-पाय योग्य स्थितीत धरणारा आधार) आल्यावर पुन्हा. ताठर स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन किंवा कंबरेची शस्त्रक्रिया झाली तर जुन्या खुणा पुसून पहिल्यापासून सुरुवात.

१९. मुलाला बसताच येत नाही. मग काहीच नाही का?

कुशीवर झोपवून करा. खालच्या बाजूचा खांदा थोडा पुढे, डोक्याखाली घट्ट उशी, पाठीमागे लोड, गुडघ्यांमध्ये गुंडाळलेली चादर. अशा स्थितीत वरचा हात गुरुत्वाकर्षणाशी न झगडता पुढे-मागे सरकतो, म्हणून काही मुलं आडवी पडूनच सगळ्यात चांगला स्विच दाबतात. पडदाही आडवा फिरवा, मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत. चित्र आपल्याला वाकडं दिसलं तरी चालेल. उताणं झोपलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर टॅबलेट टांगायचा असेल तर दोन स्वतंत्र आधार हवेतच, एक सुटला तर दुसरा धरेल असे.

२०. आमचा मुलगा स्वमग्न आहे, चालतो, पळतो, पण बोलत नाही. टेबलावर माउंट लावू?

नको. माउंट टेबलावर आणि मुलगा मैदानात, मग तो बोलणार कधी? त्याला टॅबलेट बरोबर न्यायचा आहे. मूठ असलेलं जाड कव्हर आणि खांद्यावरून तिरका पट्टा द्या. गळ्यात अडकवायचा पट्टा असेल तर ओढल्यावर आपोआप सुटणारा हवा, घसरगुंडीवर तो अडकू शकतो. जेवताना, चित्रं काढताना दोन्ही हात लागतात, तेवढ्यापुरता टेबलावरचा साधा लाकडी ठोकळा पुरे.